जरा लांबून बघून ये

इंदिरानगर, बेंगळुरू
१६ जून २०२५

अंबूअक्का,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, नाहीतर ते रुसतात. फोन का करत नाहीस म्हणून विचारू नकोस. तू फोन स्पीकरवर लावतेस आणि "काय म्हणालीस?" असं इतक्या मोठ्यानं ओरडतेस, की माझ्या घरी आमटी खारट झाली हे निपाणीच्या तुझ्या अख्ख्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. निदान आधी तू एकटी वाचतेस.

बातमी अशी, की शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर मला पुन्हा काम लागलं आहे. इथल्या पीण्या नावाच्या भागात गिअर बनवणारा एक कारखाना आहे. कामाच्या जागी बाईमाणसाला कुणी त्रास दिला तर तिची तक्रार ऐकायला एक समिती असावी लागते, तसा कायदाच आहे. त्या समितीत कंपनीचा पगार न खाणारं एक बाहेरचं माणूस हवं. शिवाजीनगरच्या महिला सल्ला केंद्रात मी बसते ते कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि बोलावणं आलं. आमचे हे म्हणाले, "बाहेरचं माणूस म्हणून तुझ्याइतकं योग्य कोण? घरात असतेस कधी!"

शनिवारी तिथल्या कामगारांना हा कायदा समजावून सांगायला गेले होते. मागच्या रांगेतला एक जण उठला आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही इथे सगळ्यांना अक्का नाहीतर तंगी म्हणतो. सगळ्या बहिणीच. इथे कायदा कशाला?" पुरुषांच्या माना लागल्या डोलायला. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. "सर, अक्का म्हणायचं काम तोंडाचं असतंय. हाताचं काय?" म्हणाली. बायकांच्या बाजूने जो हशा उठला! मी तर टाळीच वाजवली. बाहेरच्या माणसाने वाजवायची असते की नाही कोण जाणे.

शिवलीला तिचं नाव. तुमच्याच बाजूची, चिकोडीजवळची. दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली आणि डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. गिअरचे दात तपासायचं काम करते. दात बरोबर नसला तर मालक आला तरी माल पुढे सोडत नाही, असं समितीची अध्यक्ष श्रीविद्या मला सांगत होती. मला ती पोरगी फार आवडली.

तुझी,
वसू



निपाणी
२७ जून २०२५

वसू,

अनेक आशीर्वाद आणि एक प्रश्न. भाकरी पातळ होती का जाड?

हसू नकोस. माझा नातू तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर कंप्युटरपुढे बसतो, दर रविवारी तुझ्याकडे जेवतो, आणि तुला त्याच्यासाठी काही दिसत नाही? अभिजीतचं अठ्ठाविसावं सरत आलं. पूर्वी मी पोटजातसुद्धा बघत होते. मग म्हटलं जात जुळली तरी पुष्कळ. मग नुसती पत्रिका. आता मुलगी माणसात बसणारी असली म्हणजे बास. ही तर माणसात उभी राहून बोलते! आमच्या मुखदुर्बळाला अशीच पाहिजे.

लग्न झालंय का, आईवडील काय करतात, सगळं सविस्तर कळव. लोणच्याच्या फोडी खोळंबल्या आहेत, म्हणून इथेच थांबते.

अंबू



इंदिरानगर
४ ऑगस्ट २०२५

अंबूअक्का,

उत्तराला उशीर झाला. रागावली असशील. समितीचं काम अचानक वाढलं आहे. आठवड्यातून दोनदा मॅजेस्टिकला मेट्रो बदलून पीण्याला जाते.

त्या मुलीबद्दल तू विचारलंस. तिच्याबद्दल मला काहीही लिहिता येणार नाही. का येणार नाही तेही लिहिता येणार नाही. तूही कुणापाशी तिचं नाव काढू नकोस, एवढं ऐक.

बाकी आम्ही मजेत. ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून ते रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि मैसूरपाक खाऊन येतात. मिशीला तूप लागलेलं असतं, तरी मी काही बोलत नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी बोलत नाही.

वसू



निपाणी
१८ ऑगस्ट २०२५

वसूबाई,

समजलं बरं समजलं!

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू साऱ्या गोतात सांगत फिरतेस, आणि तुझ्या तोंडात तरी कधी भिजला? सुलूचं लग्न मोडल्याची बातमी सुलूच्या आधी मला कुणी दिली होती? ती तू आज एका मुलीबद्दल अवाक्षर लिहीत नाहीस. आठवड्यातून दोनदा पीण्याला जातेस ती काय गिअरचे दात मोजायला? ठरेपर्यंत दृष्ट लागू नये म्हणून गप्प आहेस, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही.

तुझ्या मनाप्रमाणे मीही गप्प. शेजारच्या नंदूच्या आईलासुद्धा सांगितलं नाही. फक्त अभिजीतला सांगितलं, की बाबा, कारखाना सुटायच्या वेळेला जा आणि जरा लांबून बघून ये. तिला कळू देऊ नकोस. जमलं तर एक फोटो काढ, मला पाठव.

गौरीला माझ्या नावाने एक कडुबू जास्त खा.

अंबू



इंदिरानगर
२६ ऑगस्ट २०२५

अंबूअक्का,

आज इकडची गौरी आहे, गणपतीच्या आदल्या दिवसाची. कडुबूचं सारण परातीत तसंच पडलंय आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. यावरून माझा राग ओळख.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. ते वाचून अभिजीतला थांबवायला फोन उचलला, तर त्याच फोनवर कारखान्याच्या गेटवरून दयानंदचा फोन. तो तिथला वॉचमन. तुझ्या नातवाने काय केलं ते त्याने स्वतःच्या हाताने तुला लिहायचं, असं मी त्याला बजावलंय. मी माझ्यापुरतं लिहिते.

अक्का, हा कायदा सांगतो की समितीपुढे कोण आली, कुणाविरुद्ध आली, काय म्हणाली, यातलं काही बाहेर जायचं नाही. म्हणून मी गप्प होते. दृष्टीबिष्टीसाठी नाही. आताही मी कुणाचं काही सांगत नाही. तू नुसतं समज. एखादी मुलगी आहे. घरापासून लांब राहते, पगार घरी पाठवते. कामावर तिच्या वरचा माणूस तिला त्रास देतो. ती पुष्कळ दिवस गिळते आणि मग एके दिवशी मन घट्ट करून तक्रार देते. आता त्या माणसाकडे ओळखीपाळखी आहेत, तिच्याकडे काय आहे? धीर आहे, तेवढाच. आणि अशात एका संध्याकाळी गेटबाहेर एक अनोळखी पुरुष येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं नाव विचारतोय, आणि ती दिसल्यावर फोन वर करून फोटो काढतोय. ती काय समजेल? हेच, की हा त्याने धाडलेला माणूस. आता हे माझ्या खोलीपर्यंत येणार, माझ्या गावापर्यंत जाणार. आणि दुसऱ्या दिवशी ती समितीला म्हणाली, "मला काही नको, माझी तक्रार परत द्या," तर? तर तो माणूस सुटला, आणि त्याला सोडवला कुणी? आपण दोघींनी.

पुढचं माझं स्वतःचं आहे, म्हणून सांगते. काल मी समितीसमोर उभी राहिले. म्हटलं, गेटवरचा मुलगा माझ्या बहिणीचा नातू आहे. त्याला कुणी शत्रूने पाठवलेलं नाही, आमच्या घरच्या बावळटपणाने पाठवलंय. फोटो मी माझ्यासमोर पुसायला लावला. आता माझ्यावर कुणाचा विश्वास उरला नसेल तर मी या खुर्चीवरून उठते. श्रीविद्याने मला बाहेर बसायला सांगितलं. मी जिन्यापाशी बसून राहिले. शाळेत इतक्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, पण बाहेर उभं राहणं कसं असतं ते मला काल कळलं.

मग त्यांनी मला आत बोलावलं. खुर्ची ठेवली आहे. आत कोण काय म्हणालं, मला माहीत नाही.

आता तरी कृपा करून काही करू नकोस. एवढंच कर. काही करू नकोस.

वसू



इंदिरानगर
३१ ऑगस्ट

प्रिय आजी,

वसूआजी समोर बसली आहे. तिने पेन दिलं आणि म्हणाली, "टाइप करायचं नाही." शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मी शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघालो आणि पीण्याला गेलो. तू म्हणालीस लांबून बघ, म्हणून रस्त्याच्या पलीकडे टपरीवर उभा राहिलो. पण तिथून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, सगळ्यांना निळा कोट. मग गेटजवळ जाऊन दोन-तीन जणांना विचारलं, शिवलीला कोण? एकाने बोट दाखवलं. मी फोटो काढला. तेवढ्यात वॉचमनने माझी कॉलर धरली. "यारू नीवु?" कोण तुम्ही? मी घाबरून खरं ते सांगितलं, "हुडुगी नोडक्के बंदिद्दीनी." मुलगी बघायला आलोय! आजी, कानडीत ते मराठीपेक्षाही वाईट वाटतं. त्याने माझी कॉलर अजून घट्ट धरली. शेवटी मी वसूआजीचं नाव घेतलं, तेव्हा त्याने तिला फोन लावला.

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं असतं तर जोक झाला असता. पण जोक नाहीये. फोटो काढताना तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम उतरला, आणि ती बाहेर येता येता वळून आत पळाली. मला बघून कुणी पळेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तर स्वतःला एकदम हार्मलेस समजतो. त्या दिवशी झोप लागली नाही.

आणखी एक. आमच्या ऑफिसात या कायद्याचं दरवर्षी ऑनलाइन ट्रेनिंग असतं. मी डोसा खात खात, आवाज बंद करून, नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलो आणि शंभरपैकी शंभर मिळवले. सर्टिफिकेटसुद्धा आहे! वसूआजीला दाखवलं तर ती म्हणाली, फ्रेम करून त्या गेटवर लाव.

मी माफीचं पत्र समितीकडे दिलंय. त्यात 'आजीने सांगितलं म्हणून' असं लिहिलं होतं, ते वसूआजीने खोडायला लावलं. बरोबर आहे तिचं. पाय माझे होते.

तुझा,
अभिजीत



निपाणी
७ सप्टेंबर २०२५

वसू,

तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला. एवढं काय आभाळ कोसळलं, म्हटलं. पोरगं चांगल्या घरचं, हेतू चांगला, आणि मुलगी लांबून बघायची रीत काय मी काढली? मलाही तुझ्या भावजींनी तसंच बघितलं होतं, नळावर. घरात किती वेळा सांगून झालंय ते! आठवडाभर येऊन समोरच्या पानपट्टीवर उभे राहायचे आणि मान खाली घालून सुपारी कातरायचे. सगळे हसतात, मीही हसते.

मग अभिजीतचं पत्र आलं. त्यात तो पळून आत गेलेल्या मुलीबद्दल लिहितो, तिथे मी अडखळले. वसू, मला त्या आठवड्यातलं एक आठवलं, जे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पानपट्टीवर एक माणूस उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो, म्हणून मी नळावर जायला भीत होते. पोटात दुखतंय म्हणून सांगून तुला पाठवत होते. तो माणूस चांगला निघाला, लग्न झालं, संसार झाला, आणि मग आम्ही भीती टाकून दिली आणि गंमत तेवढी ठेवली. पण त्या दिवशी मला काय ठाऊक, तो कोण म्हणून? तिला तरी काय ठाऊक?

मी चुकले गं. फार चुकले. त्या मुलीने धीर सोडला तर मला हे जन्मभर पुरेल.

सोबत शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे. तुला. तिला द्यायची नाही. तिच्यापर्यंत काही पोचवायचा मला आता हक्क नाही, एवढं कळतं मला.

तुझ्या त्या 'नुसतं समज'मधल्या मुलीचं निभावलं की नुसतं 'बरं आहे' असं लिही.

अंबू



इंदिरानगर
४ ऑक्टोबर २०२५

अंबूअक्का,

बरं आहे.

समितीचं काम संपलं. निकाल मी तुला सांगू शकत नाही. पण बुधवारी कारखान्यात आयुधपूजा होती, ती उघड्यावर, सगळ्यांसमोर. एकेका यंत्राला झेंडू, विभूतीची बोटं, कापलेली लिंबं. दरवर्षी शिफ्टचा सुपरवायझर गेटवर कोहळा फोडतो. यंदा तो नव्या सुपरवायझरने फोडला. जुना तिथे नव्हता. त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याचा डबा होता. हे मलाच नाही, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही दिसलं, म्हणून लिहिते.

दयानंदने सगळ्यांना चुरमुरे वाटले आणि माझ्या ओंजळीत दोनदा घातले. म्हणाला, "मॅडम, निम्म हुडुग हेगिद्दाने?" तुमचा मुलगा कसा आहे? मी म्हटलं, सुधारतोय, स्वल्प स्वल्प.

तुझी चटणी संपली. ह्यांनीच संपवली, मैसूरपाकाबरोबर.

आणि हो. शिवलीलाने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दिला.

वसू



निपाणी
२७ ऑक्टोबर २०२५

वसू,

ती आली होती!

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी पायरीवर पणत्या पुसत बसले होते. समोर एक मुलगी उभी, सडपातळ, पाठीला बॅग. म्हणाली, "अभिजीतच्या आजी तुम्हीच का?" माझ्या हातातली पणती पडली. "तुम्ही मला लांबनं बघायला माणूस धाडला होता. म्हटलं, आपणच जाऊन आजीस्नी जवळनं बघून यावं."

मी हात जोडले, खरंच जोडले, आणि म्हटलं, बाळ, मी चुकले. तिने माझे हात खाली केले आणि विचारलं, चकली भाजणीची आहे का? मग स्वयंपाकघरात बसून तिने इतक्या चकल्या खाल्ल्या की माझा जीव सुखावला. अभिजीतचा विषय मी काढला नाही. तिनेही काढला नाही. मला सगळं मिळून एक कळलं, की ती मुलगी कुणाची सून म्हणून नाही तर नुसती समोर बसलेली बघायलाही छान वाटते. एवढं वय झालं, पण मुलीकडे असं बिनकामाचं मी कधी बघितलंच नव्हतं.

आणि मग तिने मला सगळं सांगितलं, वसू. पहिल्यापासून. तो काय करायचा, ती काय म्हणाली, कोण तिच्या बाजूने उभं राहिलं, कोण फिरलं, आणि अभिजीत गेटवर दिसल्यावर तिने बॅग कशी भरली आणि कशी पुन्हा उपसली. मी ऐकत होते आणि रडत होते, आणि ती माझ्या पदराने माझेच डोळे पुसत होती.

त्यातलं मी तुला काहीच सांगणार नाही. फक्त एक गोष्ट, तीही तिला विचारून. तू जिन्यापाशी बसली होतीस, तेव्हा आत त्यांनी तिला विचारलं होतं, या बाई समितीत राहाव्यात का. ती म्हणाली, "ज्या बाईनं आधी आपल्याच घरच्या पोराचं नाव सांगितलं, ती दुसऱ्या कुणाचं झाकायची नाही. त्यांना राहू द्या. आणि माझी तक्रार पण राहू द्या."

जाताना वाकून नमस्कार करायला लागली. मी करू दिला नाही. डबा भरून दिला, आणि या खेपेला तो तिलाच दिला. वर्षातून एकदा येईन म्हणाली. तिची तीच म्हणाली, मी बोलावलं नाही.

ती गल्लीच्या टोकाला पोचली नाही तोच नंदूची आई आली. कोण गं ती, कुठली, एवढा वेळ काय बोलत होतीस, डोळे का लाल? मी म्हटलं, पाहुणी. कसली पाहुणी? म्हटलं, चकली खायला आलेली. तेव्हापासून नंदूची आई रोज येते, रोज विचारते. काल तर भरलं वांगं घेऊन आली, आणि माझं भरल्या वांग्यापुढे काय होतं ते तुला माहीत आहे.

वांगं खाल्लं. सांगितलं काही नाही. तीळ भिजला, वसू.

अंबू